पकड

डॉक्टर निरगुडे वयाने माझ्या धाकट्या लेकाएवढे.
पेट्रोल पंपाच्या नळीला मूठ असते तसलं एक यंत्र
हातात देऊन म्हणाले, "दाबा, मावशी. जीव खाऊन दाबा."
दाबलं.
काटा एकोणीसवर गेला, जरा थरथरला,
आणि पाहुणा उंबऱ्यावरून परतावा तसा मागे आला.

एकोणीस किलो.
म्हणजे दळणाचा डबा, वर थोडं.

मी म्हटलं, बीपी बघा, साखर बघा, पकडीचं काय एवढं?
ते म्हणाले, अलीकडे बघतात.
देशोदेशी हजारो माणसांच्या मुठी मोजल्यात,
मूठ सैल पडते तिथे पुढचं बरंच सैल होत जातं,
काळीज, तोल, आठवण.
मग एका पायावर उभं केलं. दहा आकडे मोजायचे.
सहाव्याला मी भिंत धरली.
भिंतीवर प्रथिनांचा तक्ता, माझा तळवा मसुरीच्या डाळीवर.

सातपूरच्या कंपनीत तीस वर्षं
मी स्विचचे स्क्रू आवळले.
पाळीला नऊशे.
"सैल स्क्रू म्हणजे आग," सुपरवायझर पाडवी म्हणायचे,
आणि माझ्या पेटीतला एकही कधी परत आला नाही.
हे डॉक्टरांना सांगायचं होतं.
ते कागदावर लिहीत होते:
रोज अर्धा तास चालणं.
हात न टेकता खुर्चीतून उठणं, दहा वेळा.
झोपण्याआधी तासभर मोबाईल नाही.
आणि शेवटी, मान वर न करता,
"रात्री दोनला फोन करता येईल असं कोण आहे?"

हेही अलीकडे विचारतात म्हणे.
"लेक आहे की पुण्याला."
"त्याला कराल?"
"त्याची झोपमोड कशाला."
त्यांनी काहीतरी लिहिलं. ते मला दाखवलं नाही.

घरी मिरचीच्या लोणच्याची बरणी उघडेना.
फडकं गुंडाळलं, गरम पाण्यात धरली,
झाकणावर लाटण्याने ठोकलं.
शेजारच्या पोराला हाक मारायला दार उघडलं
आणि कुणास ठाऊक का, चपला घातल्या.

बरणी पिशवीत, पिशवी मांडीवर, सिटीलिंकची बस.
त्रिमूर्ती चौकात उतरून पवननगरपर्यंत चालत.
तिथे पुष्पलता गांगुर्डे राहते, पॅकिंगवाली.
पतसंस्थेच्या कर्जाला मी तिला जामीन होते.
दोन हप्ते चुकले, माझ्या पगारातून कापले,
आणि मी भर कँटीनमध्ये तिला बोलले.
काय बोलले ते इथे लिहीत नाही.
अकरा वर्षं झाली.
पैसे तिने तिसऱ्याच महिन्यात दिले होते.

दार उघडून तिने आधी पिशवीकडे पाहिलं.
मी म्हटलं, "हे उघडत नाही."
तिने बरणी मांडीत घेतली, पदर लावला, ओठ चावला.
डाव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत तिची.
नाहीच उघडली.
मग चहा. मग तिच्या नवऱ्याचं आजारपण, जे मला कळलंच नव्हतं.
तो गेला, तेही.
मी दोन्ही हातांनी तिचा हात धरला.
किती किलोने, ते मोजायला कुणी नव्हतं.

बरणी तिच्याच ओट्यावर राहिली, बंद.
ती स्टॉपपर्यंत आली. बसला वेळ होता,
तर म्हणाली, एका पायावर कसं उभं करतात दाखव.
भाजीच्या गाड्यांशेजारी
साठी उलटलेल्या दोघी, एकमेकींच्या खांद्याला धरून.
"धरायचं नसतं," मी म्हटलं.
"मग पड," ती म्हणाली.
मेथीवाला जुडीवर पाणी मारायचा थांबला.

तीन महिन्यांनी यंत्रावर वीस.
डॉक्टर म्हणाले, एवढा फरक यंत्राचाही असू शकतो.
असेल.
शेवटचा प्रश्न त्यांनी या वेळी विचारला नाही,
बाहेर रांग होती.
मीच आपणहून नंबर सांगितला,
न बघता, दहाही आकडे.